पस्तीस आले कुठून?

प्रशिक्षणातला मागचा बाक ही एक स्वतंत्र संस्था असते. चहा निघाल्याची बातमी तिथे सगळ्यात आधी पोचते, साहेबांची गाडी फाटकात शिरल्याची त्याहून आधी. २००३ साली मी शिक्षणसेवक म्हणून लागलो आणि पुढची दहा-अकरा वर्षं जेवढी प्रशिक्षणं घेतली, ती सगळी याच बाकावरून घेतली. आमचा तालुका सह्याद्रीच्या कुशीतला. जुलैत गटसाधन केंद्राच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळायचा की पुढे बोलणाऱ्याचे ओठ तेवढे हलताना दिसायचे. त्यानं आमचं फारसं अडत नसे. पोषण आहाराचा हिशोब, पटाचे तक्ते, शिष्यवृत्तीचे अर्ज अशी शाळेची शिल्लक कामं मांडीवर घेऊन आम्ही ‘प्रशिक्षित’ होत होतो. संध्याकाळी हजेरीपत्रकावर सही झाली की सुटलो.

यात दोष कुणा एकाचा नव्हता. पुण्यात राज्यस्तरावर जे चार दिवस चालायचं ते जिल्ह्यात तीन दिवसांत, तालुक्यात दोन दिवसांत आणि आसपासच्या शाळांच्या केंद्रात एका दिवसात उरकायचं. आमच्यातले एक गुरुजी म्हणायचे, ‘राज्याला दूध, जिल्ह्याला ताक, तालुक्याला ताकाचं पाणी आणि केंद्राला विसळलेला पेला.’ शिवाय येणारं सगळं वरून यायचं. आमच्या वर्गात काय घडतंय हे त्या हॉलमध्ये कुणी विचारत नसे, आणि आपण होऊन सांगण्याइतके आम्हीही भोळे नव्हतो. वर्गात अडतंय असं कबूल केलं की त्याचा ‘शेरा’ होतो, हे नोकरीच्या पहिल्या वर्षातच कळतं.

पुढे मीच त्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला आणि बघता बघता ‘डिजिटल शाळा’, ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हे शब्द पाटीवरच्या अक्षरांइतके ओळखीचे झाले. गावं लोकवर्गणी काढून शाळेला टीव्ही, प्रोजेक्टर देऊ लागली. मला मोबाईलमधलं थोडंफार कळतं, एवढ्या भांडवलावर माझं नाव तंत्रस्नेही शिक्षकांच्या यादीत गेलं. वर्ग सांभाळून मी तालुक्याचा सुलभक, म्हणजे प्रशिक्षण घेणारा, झालो.

नव्या सुलभकाचा उत्साह विचारू नका. मी पीपीटी करायचो तर अक्षरं एकेक करून आभाळातून पडायची, परिच्छेद गिरकी घेऊन यायचे, बरोबर उत्तराला टाळ्यांचा आवाज. पहिले दोन दिवस लोकांनी कौतुकानं पाहिलं. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावर जिकडे तिकडे माना खाली. मी त्या बाकावर दशकभर काढलेलं असल्यामुळे त्या खाली गेलेल्या मानांचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. आधी मांडीवर कागद असायचे, आता मोबाईल होता. तेवढाच काय तो डिजिटल फरक.

याच काळात एक गोष्ट डोळ्यांसमोर घडत होती आणि ती मला दिसली नव्हती. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांचं नाव तेव्हा गाजत होतं. राज्यभरातून शिक्षक गाड्या भरून तिकडे जात. आम्हीही गेलो. तिथे कुणी व्याख्यान दिलं नाही. वर्गाच्या कडेला बसायचं आणि मुलं काय करतात ते बघायचं. जमिनीवर आखलेल्या तक्त्यांभोवती मुलं आपापली शिकत होती. परतीच्या गाडीत एरवी घाट लागायच्या आत झोपणारी माणसं वाद घालत होती: ते तसं का करतात, आपल्याकडे चालेल का, दोनशिक्षकी शाळेत जमेल का. घरी आल्यावर मी काय केलं? ऑइल पेंटचे डबे आणले आणि माझ्या वर्गाची फरशी रंगवली. माणसं कशानं जागी राहिली याचा विचार करायचा सोडून मी फरशीची नक्कल केली.

२०१८ मध्ये मला प्रश्नमंजूषेचं एक ॲप सापडलं. पडद्यावर प्रश्न, प्रत्येकाच्या मोबाईलवर चार रंगांची बटणं, मागे ठेका धरायला लावणारं संगीत, आणि प्रत्येक प्रश्नानंतर पहिल्या पाच जणांची नावं. बरोबर उत्तर जितकं लवकर, तितके गुण जास्त. हॉल अक्षरशः उसळला. मागचा बाक उभा राहिला. ‘ए, माझं नाव वर आलं बघ!’ पन्नाशीची माणसं शाळकरी पोरांसारखी ओरडत होती. अभिप्रायाच्या कागदांवर ‘अत्यंत आनंददायी’ अशी एकजात नोंद आली. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई भेटल्या. वाडीवरच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या. निवृत्तीला पाच वर्षं उरलेली. त्यांचा मोबाईल जुना, काचेला तडा गेलेला. आदल्या दिवशी त्या यादीत शेवटून दुसऱ्या होत्या. डबा धुता धुता त्या सहज म्हणाल्या, ‘सर, काल तुमच्या खेळात माझं बोट हरलं. डोकं नाही हरलं.’

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. मी घरी जाऊन ते प्रश्न पुन्हा काढले. ‘ज्ञानरचनावादात शिक्षकाची भूमिका कोणती?’ ‘राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा कोणत्या वर्षीचा?’ वीसच्या वीस प्रश्न असे, की ज्यांची उत्तरं कळल्यानं उद्याच्या वर्गात काडीचाही फरक पडणार नाही. बाईंना पहिली-दुसरीच्या पोरांबद्दल जे ठाऊक होतं, त्यातलं काहीही विचारायला मला सुचलं नव्हतं. गंमत भरपूर होती, पण त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं.

बाईंच्या त्या वाक्यानं मला दोन गोष्टी बदलायला लावल्या. एक तर घड्याळ काढलं. दुसरं, मोबाईल काढले. एकाचाच ठेवला, माझा. प्लिकर्स नावाची साधी युक्ती आहे. प्रत्येकाच्या हातात एक छापील कार्ड, त्यावर काळी चौकोनी नक्षी. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार उत्तरं. आपल्याला जे उत्तर वाटतं ती बाजू वर धरायची. सुलभकानं आपल्या फोनचा कॅमेरा हॉलभर फिरवला की कुणाचं काय उत्तर ते फोनला कळतं. पण शेजाऱ्याला त्या नक्षीवरून काही उमगत नाही. सगळ्यांच्या हातात सारखाच कागद, त्यामुळे तडा गेलेली काच आणि कालच घेतलेला फोन यांच्यात फरक उरला नाही.

कार्डांबरोबर प्रश्न विचारायची रीतही बदलावी लागली. ती मी उसनी घेतली. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या वर्गात एक पद्धत बसवली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं, बरोबर काय ते सांगायचं नाही. मग शेजाऱ्याशी, शक्यतो ज्याचं उत्तर वेगळं आहे त्याच्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. आपलं उत्तर आधी नोंदवून बसलेला माणूस वादात नुसतं ‘हो ना’ म्हणत नाही. त्याचं काहीतरी पणाला लागलेलं असतं. हे आमच्या हॉलमध्येही चाललं. फक्त प्रश्न अजूनही पुस्तकातूनच येत होते.

मग मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि प्रशिक्षणं फोनमध्ये शिरली. त्या ऑक्टोबरपासून ‘निष्ठा’ हे शिक्षक-प्रशिक्षण ‘दीक्षा’ या ॲपवर ऑनलाइन आलं, १८ घटकसंचांचं. त्यात चांगल्या माणसांनी चांगलं लिहिलेलं होतं, पण मी ते कसं घेतलं ते सांगतो. दिवस भातझोडणीचे. खळ्याच्या कडेला दगडावर फोन पालथा ठेवलेला, व्हिडिओ आपला चाललाय, आणि मी पेंढ्या झोडतोय. मधून हात पुसून ‘पुढे’ दाबायचं. अठराही प्रमाणपत्रं माझ्याकडे आहेत. इतरांना मागच्या बाकावरून उठवण्याच्या गोष्टी करणारा मी, फोनमध्येही मागचाच बाक शोधून बसलो होतो.

त्याच दिवसांत एका रात्री केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर एका तरुण शिक्षिकेनं चाळीस सेकंदांचा आवाज टाकला. ती वाडीत घरोघर फिरून मुलांना शिकवत होती. तिसरीतली एक मुलगी धडा वाचत होती आणि ‘प्रकाश’ला ‘परकाश’, ‘प्राणी’ला ‘पराणी’ म्हणत होती. खाली शिक्षिकेनं लिहिलं होतं: ‘हिला जोडाक्षर वाचता येत नाही, की येतंय पण घरी बोलतात तसं म्हणतेय? कसं ओळखू?’

एरवी त्या गटावर सुप्रभात आणि परिपत्रकं यांपलीकडे काही नसायचं. त्या रात्री साडेअकरापर्यंत चर्चा चालली. एक जण म्हणाला, जोडाक्षरांचा सराव घ्या. दुसऱ्यानं विचारलं, तिच्या आजीला ‘प्रकाश’ म्हणायला सांगा बरं. कुणी सुचवलं, घरी कधीच बोलला जात नाही असा जोडाक्षराचा शब्द वाचायला द्या. दुसऱ्या दिवशी आवाजाची दुसरी फीत आली. मुलीनं ‘विज्ञान’ आणि ‘उष्णता’ नीट वाचले होते. म्हणजे तिला जोडाक्षरं वाचता येत होती. ‘परकाश’ घरातून आला होता. पन्नास शिक्षक एका मुलीच्या जिभेबद्दल दीड दिवस विचार करत होते. त्यासाठी कुणी आदेश काढलेला नव्हता, हजेरी नव्हती, प्रमाणपत्र नव्हतं. आणि लागलेलं तंत्रज्ञान म्हणाल तर मायक्रोफोनच्या चित्रावर दाबून धरलेलं एक बोट.

शाळा पुन्हा भरू लागल्यावर मी ठरवलं, केंद्रातल्या शिक्षकांच्या पुढच्या शिक्षण परिषदेत माझ्या वर्गातलंच काहीतरी न्यायचं.

डी.एड.ला आम्ही सूक्ष्म पाठ घ्यायचो. पाच-सहा मिनिटांचा पाठ, समोर वर्गमित्रच विद्यार्थी बनून बसलेले, मग गुणदान. ती पद्धत अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. पाठाचं चित्रीकरण करून शिकवणाऱ्याला ते दाखवणं हा तिथे तिचा मोठा भाग होता. आमच्यापर्यंत सूक्ष्म पाठ आला, कॅमेरा तिकडेच राहिला. आणि आता तो प्रत्येकाच्या खिशात होता.

माझा वर्ग तिसरीचा. हातच्याची वजाबाकी चालू होती. एका मुलाच्या पाटीवर मी फोन धरला. चेहरा नाही, फक्त पाटी, पेन्सिल आणि हात. गणित होतं ५२ − २७. त्यानं लिहिलं ३५. मी विचारलं, ‘कसं केलंस?’ तो म्हणाला, ‘सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन.’ मी म्हटलं, ‘अरे, पण सात खाली आहेत ना? दोनातून सात जायला हवेत.’ तर तो पाटीवरची नजर न काढता म्हणाला, ‘गुरुजी, तुम्हीच सांगितलंय. नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं.’

रात्री जेवण झाल्यावर मी ती फीत चार-पाच वेळा ऐकली. सांगितलं होतं. दरवर्षी सांगत होतो. वजाबाकी शिकवायला घेतली की पहिलं वाक्य तेच. मला म्हणायचं असायचं, मोठ्या संख्येतून लहान संख्या. पोरानं ऐकलं होतं, मोठ्या अंकातून लहान अंक. त्यानं माझा शब्द तंतोतंत पाळला होता आणि मी अठरा वर्षं त्यावर लाल फुली मारत आलो होतो.

मग मी सुलभकाला शोभेल असं केलं. शेवटची दहा सेकंदं कापून टाकली.

परिषदेत फीत दाखवली, तीही आवाज बंद करून. तुमच्या वर्गात हे होतं का, म्हणून विचारलं. सगळ्या माना हलल्या. मग प्रश्न टाकला: मुलाचं काय चुकलं? अ, त्याला हातच्याची वजाबाकी येतच नाही, तो उलट वजाबाकी करतो. ब, तो दशक सुटा करतो, पण दशकांतून एक कमी करायला विसरतो. क, नुसती घाई. ड, वेगळंच काहीतरी. कार्डं वर गेली. मी कॅमेरा फिरवला. ‘अ’ला निम्मे, ‘ब’ला जवळजवळ तेवढेच.

मी चक्रावलो. ‘ब’ हा पर्याय मी चार भरायला हवेत म्हणून घातला होता. माझ्या डोक्यात उत्तर एकच होतं.

‘ब’वाल्यांत त्या तडा गेलेल्या काचेच्या बाई होत्या. त्या उठून फळ्यापाशी गेल्या. ‘माझ्या पोरांना पण पस्तीसच येतात सर. पण माझी पोरं दशक सोडवतात. बारातून सात गेले पाच. मग वरचे पाच तसेच ठेवतात, चार करायचे विसरतात. पाचातून दोन, तीन. आले की पस्तीस.’ त्यांनी पिशवीतून काड्यांचे गठ्ठे काढून टेबलावर मांडून दाखवलं.

हॉल गप्प झाला. दोन वेगळ्या चुका, दोन वेगळी कारणं, आणि पाटीवर उत्तर एकच. एकाला हातचा म्हणजे काय तेच कळलेलं नाही, दुसऱ्याला ते कळलंय आणि एक पायरी सुटतेय. आम्ही दोघांनाही सारखीच फुली देतो आणि सारखीच दहा गणितं घरी सोडवून आणायला सांगतो.

‘पण या पोरानं काय केलं?’ बाईंनी विचारलं. ‘त्याला विचारलंत का नाही?’

आता पळायला जागा नव्हती. मी फोनमधली पूर्ण फीत काढली आणि आवाजासकट लावली. ‘गुरुजी, तुम्हीच सांगितलंय.’ पुढे मी म्हणालो, ‘हे वाक्य मी अठरा वर्षं सांगतोय.’ कुणी हसलं नाही. मग मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मीपण.’ तिकडून आणखी एक, ‘आमच्याकडे तर फळ्यावर लिहिलेलं आहे.’ केंद्रप्रमुख, जे एरवी वेळेचं भान देण्यापुरते बोलतात, तेही म्हणाले, ‘मला माझ्या गुरुजींनी हेच सांगितलं होतं.’

त्या दिवशी पुढचा प्रश्न मी विचारला नाही, मागच्या बाकानं विचारला. चाळीस पोरांच्या वर्गात प्रत्येकाच्या पाटीवर फोन कोण धरणार? कॅमेरा नसताना या दोन चुका वेगळ्या कशा ओळखायच्या? दहा मिनिटं नुसता गोंगाट होता. मग एकानं ओरडून सांगितलं, ‘बावन्नऐवजी त्रेपन्न द्या!’ ५३ − २७. उलट वजाबाकी करणाऱ्याला ३४ येतील, एक कमी करायला विसरणाऱ्याला ३६. उत्तर बघताच रोग कळतो. आणखी थोड्या खटपटीनंतर कळलं की एककांत पाचाचा फरक असला की दोन्ही चुकांना एकच उत्तर येतं. म्हणून ५२ − २७ हे गणित सराव म्हणून चांगलं, पण निदानाला निरुपयोगी. इतकी वर्षं आम्ही गणितं पुस्तकातून उचलून फळ्यावर टाकत होतो. गणित निवडायचं असतं, हे त्या दुपारी कळलं.

हे मी नंतर डाएटमधल्या, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतल्या, एका अधिव्याख्यात्यांना सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही ज्या वाटेला लागलात तिथून फार पूर्वी कुणीतरी गेलंय. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांवर एक निबंध प्रसिद्ध केला होता. मुलं पुष्कळदा वेंधळेपणानं चुकत नाहीत, एखादा चुकीचा नियम ती इमानानं पाळत असतात, असं त्यांनी दाखवलं. आणि त्यांनी ‘बगी’ नावाचा संगणकावरचा खेळ केला होता. संगणक चुकणाऱ्या मुलाचं सोंग घ्यायचा. भावी शिक्षकांनी त्याला गणितं घालायची आणि तो कोणता चुकीचा नियम पाळतोय ते ओळखायचं. मला हसू आलं. संगणकानं शिक्षक व्हावं म्हणून जग धडपडतंय, आणि इथे पंचेचाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला ‘ढ’ विद्यार्थी करून शिक्षकांना शिकवलं होतं.

आमच्या केंद्रातल्या एका तरुण सरांनी आठवडाभरात तशी एक एक्सेलची फाईल बनवली. फोनवर चालते, रेंज लागत नाही. दोन संख्या टाकायच्या, फाईल ‘मुलाचं’ उत्तर देते. आत सात चुकीचे नियम लपवलेले. कोणता चालू आहे ते फक्त फाईलला ठाऊक. पुढच्या परिषदेत चौघांत एक फोन दिला. ८० − ४६ टाकलं, उत्तर आलं ४०. ५२ − २७ टाकलं, तर चक्क २५, बरोबर! मग? एका गटानं ७० − ३५ टाकून पाहिलं: ४०. एवढ्यात दुसरीकडे कुणी टेबलावर हात आपटला, ‘शून्य! वर शून्य असलं की पोरगं शून्यच लिहितंय. त्याला वाटतं, शून्यातून काय जाणार?’ आणि लगेच शेजारचा म्हणाला, ‘माझ्या वर्गात असं एक आहे. मी त्याला आळशी समजत होतो.’

त्या दिवशी चहा आला तो मागच्या बाकाला कळला नाही.

हे सगळं सरळ रेषेत चाललं असं नाही. माझ्यासारख्याच फिती इतर शिक्षकही गटावर टाकू लागले, त्यांची कीर्ती वर गेली आणि एक दिवस विचारणा झाली: प्रत्येक शाळेनं महिन्याला किती व्हिडिओ केले, संख्या कळवा. पुढच्या महिन्यात साठ व्हिडिओ आले. एकाही मुलाचं उत्तर चुकलेलं नव्हतं. पोरं घडाघडा बोलत होती, मागे रांगोळी काढलेली होती, एका फितीत तर सरपंचही होते. आम्ही काय ते समजलो आणि तो उपक्रम गाजावाजा न करता महिनाभर बंद ठेवला. पुन्हा सुरू केला तो चार अटींवर. मुलाचा चेहरा नको, फक्त हात, पाटी, आवाज. आणि तोही पालकांना विचारून. दोन मिनिटांपेक्षा लांब नको. त्या गटात पाहणी करणारं कुणी नको. आणि फितीखाली ‘छान’, ‘अभिनंदन’ नको. लिहायचा तर एक प्रश्न लिहायचा. चौथी अट पाळायला लोकांना सगळ्यात जास्त दिवस लागले. कौतुकाचा अंगठा दाबायची सवय तंबाखूसारखी असते, सुटता सुटत नाही.

दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातल्या संख्या ‘वीस एक, वीस दोन’ अशा वाचण्यावरून २०१९ मध्ये राज्यभर वादळ उठलं होतं, ते वाचकांना आठवत असेल. तेव्हा आम्ही शिक्षकही वर्तमानपत्रं वाचून दोन्ही बाजूंनी तावातावानं बोललो होतो. तीन वर्षांनी आमच्या गटावर एक फीत आली. ‘पंचवीस लिही’ म्हटल्यावर एक मुलगी आधी पाच लिहिते, मग थांबते, मग पाचाच्या डाव्या बाजूला जागा शोधून दोन कोंबते. उत्तर बरोबर. नुसती वही पाहिली असती तर आम्ही पुढे गेलो असतो. पण तो हात जिथे थांबला तिथे सगळा वाद होता: जीभ पाच आधी म्हणते आणि पाटीवर दोन आधी हवेत. त्या चार सेकंदांवर आम्ही तासभर बोललो, आणि या वेळी कुणी वर्तमानपत्रातलं बोललं नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास आपल्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. पन्नास तास पुष्कळ होतात. ते कोणत्या ॲपवर भरायचे, कुठे नोंदवायचे, याची चर्चा मी हल्ली फार ऐकतो. प्रशिक्षण रंजक करायला काय वापरता, असं विचारणारे फोनही येतात. मी कार्डांचं सांगतो, फाईल पाठवतो. पण पुढचं वाक्य ऐकायला ते फोनवर थांबलेले असतातच असं नाही: त्या पन्नासांतले किती तास शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गाबद्दल आहेत? माझी आभाळातून पडणारी अक्षरं, ते ठेक्याचं संगीत, ती पहिल्या पाचांची यादी, हे सगळं मी माणसांना जागं ठेवण्यासाठी आणलं होतं. माणसं झोपलेली नव्हतीच. त्यांच्या वर्गाबद्दल कुणी बोलत नव्हतं, म्हणून ती आपली बाकी कामं उरकत होती.

बाई २०२३ च्या मे महिन्यात निवृत्त झाल्या. निरोप समारंभात साडी-नारळ झाला, भाषणं झाली. त्यांनी काड्यांचे गठ्ठे शाळेलाच ठेवले. गटातून मात्र बाहेर पडल्या नाहीत.

परवा रात्री त्यांचा निरोप आला. सोबत पाटीचा फोटो: ६१ − २६ = ४५. खाली लिहिलं होतं, ‘नातवाचं आहे.’

मी हिशोब केला. एककांत पाचाचाच फरक, म्हणजे यावरून काहीच कळणार नाही. सुलभकाची सवय, लगेच ‘बाई, त्याला दुसरं गणित...’ असं टाइप करायला घेतलं. तेवढ्यात त्यांचा पुढचा निरोप वर आला.

‘६२ − २६ दिलंय. बसलाय पाटी घेऊन. बघू चव्वेचाळीस म्हणतो की शेहेचाळीस.’

मी लिहिलेलं पुसून टाकलं.